खणाच्या कुशन कव्हरचं काम आहे, फ्रँकफर्टला स्टॉल घ्यावा की आधी नुसतं बघून यावं?

लालबाग_शिवण:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे पण वाचा प्लीज. मी आणि माझी जाऊ लालबागला एका गाळ्यात खणाची कुशन कव्हरं, टेबल रनर, पडद्यांचे टायबॅक वगैरे शिवून घेतो. शिवणाऱ्या बायका आसपासच्या चाळींतल्याच, बऱ्याच जणींचे सासरे-वडील गिरणीत होते, हात एकदम स्वच्छ आहे त्यांचा. दिवाळीच्या आधी दादर-ठाणे-पुण्याच्या प्रदर्शनांत माल चांगला जातो, बाकी वर्षभर इन्स्टावर थोडंफार. आता ओळखीतले एक एजंट म्हणतायत की पुढच्या जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिलला, म्हणजे घरगुती कापडाच्या मोठ्या व्यापारी प्रदर्शनात, स्टॉल घ्या, सगळं मी बघतो, फक्त बुकिंगचे पैसे लवकर द्या. मिस्टर म्हणतात संधी सोडू नका, जाऊ म्हणते आधी बघून तर येऊ. काहीजण चीनचं कँटन फेअर पण सुचवतायत. बायकांना बाराही महिने काम मिळावं एवढ्यासाठी हे सगळं चाललंय, म्हणून नीट विचार करून पाऊल टाकायचंय. कुणाला अनुभव असेल तर स्पष्ट सांगा.

मर्चंडायझर_अंधेरी:
ताई, तुमच्या जाऊबाई बरोबर बोलतायत. मी होम टेक्स्टाइलच्या एक्सपोर्ट हाऊसमध्ये काम करते आणि स्टॉलवर उभी राहते, म्हणून कळकळीने सांगते, पहिल्या वर्षी स्टॉल नको. हाइमटेक्स्टिल जानेवारीत असतं, 1971 पासून भरतंय, तिथे चादरी, टॉवेल, पडद्याचं कापड, गालिचे यांचे मोठमोठे मिलवाले बसलेले असतात. त्याच मैदानावर फेब्रुवारीत अँबिएंटे असतं, तिथे टेबलावरचं सामान, सजावट, भेटवस्तू, आणि 2023 पासून सणाच्या सजावटीचं ख्रिसमसवर्ल्ड पण त्याच्याबरोबरच असतं. तुमचे रनर आणि कुशन बघता मला अँबिएंटे जास्त जवळचं वाटतं, पॅरिसचं मेझों ए ऑब्जे पण आहे, जानेवारी आणि सप्टेंबरला, तिथे डिझाइनकडे बघणारी छोटी दुकानं जास्त येतात. म्हणजे कुठल्या जत्रेत आपलं गिऱ्हाईक आहे तेच अजून ठरलेलं नाही आणि एजंट बुकिंगचे पैसे मागतोय.

आता स्टॉलवर काय होतं ते सांगते. बायर येतो, कव्हर हातात घेतो, पुढची बाजू क्षणभर बघतो आणि लगेच चेन उघडून आतून उलटं करतो. ओव्हरलॉक (आतल्या कडेची शिलाई) कसा आहे, कोपऱ्यात दोरे लोंबतायत का, चेन शेवटी नीट लॉक केलीय का, धुण्याच्या सूचनांचं लेबल शिवलंय का. मग काही जण ओला रुमाल कापडावर घासतात, आणि खणाचा लाल किंवा जांभळा त्या रुमालावर उतरला तर पुढचं बोलणं होतच नाही. घरी आजच करून बघा. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासा, प्रत्येक रंग वेगळा. रंग उतरत असेल तर विणकराशी बोलून पक्का रंग मागवा. युरोपात काही अ‍ॅझो (एका प्रकारच्या रासायनिक) रंगांवर बंदी आहे, त्यातून निघणाऱ्या ठराविक अमाइन्स नावाच्या घातक रसायनांची मर्यादा 30 पीपीएम आहे, तो टेस्ट रिपोर्ट विचारतातच. प्रभादेवीला टेक्स्टाइल कमिटीची लॅब आहे, तुम्हाला लालबागहून किती लांब, जाऊन चौकशी करा.

दुसरं मापं. आपण सोळा बाय सोळा इंच शिवतो, त्यांना 40, 45, 50 सेंटिमीटर लागतं. जर्मनीत झोपायची उशी 80 बाय 80 असते आणि पांघरुणाचं कव्हर 135 बाय 200, आपली मापं तिथे बसतच नाहीत. खणाचा पन्हा लहान, त्यामुळे 50 च्या कव्हरला जोड कुठे येणार, काठ कुठे बसणार, वाया किती जाणार हे आधी कागदावर मांडा, कारण तिथूनच तुमचा भाव ठरणार आहे.

मशीद_बंदर:
आमचा स्टीलच्या भांड्यांचा आणि किचनवेअरचा धंदा, म्हणून कँटनचं मी सांगतो. ग्वांगझोऊला 1957 पासून भरतंय, वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, तीन फेज. दुसऱ्या फेजमध्ये घरसामान आणि गिफ्ट, कापड तिसऱ्यात. पण ताई ते विकत घ्यायला जायचं ठिकाण आहे, बहुतेक स्टॉल चिनी कारखानदारांचे. तुम्हाला माल विकायचाय, मग तिकडे कशाला जाताय. चेन, लेबल, पॅकिंगच्या पिशव्या बघायला जायचं असेल तर वेगळी गोष्ट.

आधी आपल्या गोरेगावला नेस्कोत एचजीएच इंडिया हे प्रदर्शन बघा. 2012 पासून आहे, होम टेक्स्टाइल, डेकोर, हाऊसवेअर, गिफ्ट सगळं, तारखा वेबसाइटवर मिळतील. राम मंदिर स्टेशनला उतरा. ते मुख्यतः देशातल्या दुकानदार-डिस्ट्रिब्युटरसाठी आहे पण घाऊक बोलणं कसं चालतं, स्टॉलवर माल कसा मांडतात, लोक भाव कसा विचारतात हे सगळं तिथे समजतं. आणि मला विचाराल तर बारमाही काम त्यातूनही मिळू शकतं, परदेशच पाहिजे असं काही नाही, इंदूर-हैदराबादचे दुकानदार पैसे देत नाहीत असं थोडंच आहे.

परदेशी बायरच हवे असतील तर ग्रेटर नोएडाचं आयएचजीएफ प्रदर्शन बघा, ईपीसीएचचं (हस्तकला निर्यातीचं कौन्सिल), वर्षातून दोनदा. बायर विमानाचा खर्च करून आपल्याकडे येतो. व्हिसा नाही, युरोचा हॉटेलखर्च नाही.

लालबाग_शिवण:
रुमालाची टेस्ट आत्ताच केली! हिरवा आणि मोरपंखी टिकले, लाल उतरला. उद्याच फोन करते विणकरांना. खूप खूप धन्यवाद दोघांनाही. दोन शंका. निर्यातदारांच्या कौन्सिलचं मेंबर व्हा असं काहीजण सांगतात, ते कौन्सिल नक्की कुठलं, कारण आमचा काही खण कॉटनचा आहे आणि काही पॉलिस्टरचा. आणि नुसतं बघायला गेलो तरी बॅगेत सॅम्पल नेलेले चालतात का?

न्हावाशेवा_सीएचए:
आधी आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड काढा, डीजीएफटीच्या (सरकारच्या परदेशी व्यापार खात्याच्या) साइटवर 500 रुपयात होतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तिथे अपडेट करायला विसरू नका, नाहीतर बंद पडतो. कौन्सिलचं म्हणाल तर कॉटनच्या मालासाठी टेक्सप्रोसिल, ऑपेरा हाऊसजवळ ऑफिस आहे, पॉलिस्टर-रेयॉनसाठी मॅटेक्सिल, चर्चगेटला रेशम भवनमध्ये. दोन्ही मुंबईतच, स्वतः जाऊन तुमचे तुकडे दाखवून विचारा कुठे बसतं. कौन्सिल परदेशी जत्रेत एकत्र जागा घेतं आणि मेंबरना त्यातला स्टॉल देतं, सरकारी योजनेत खर्चाचा काही भाग परत मिळू शकतो, अटी दर वर्षीच्या सर्क्युलरमध्ये असतात. एजंटला पैसे देण्याआधी हे नक्की विचारा.

सॅम्पलचं असं आहे की जे परत आणायचंय त्यासाठी एटीए कार्नेट नावाचा कस्टमचा कागद असतो, आपल्याकडे फिक्की ही उद्योगांची संघटना देते, एक वर्ष चालतो, पण त्यावर नेलेला माल तिकडे विकता किंवा वाटून टाकता येत नाही. तुम्ही बघायलाच जाताय तर कापडाचे छोटे कात्रण-कार्ड न्या, प्रत्येकावर माप, कापड कशाचं आहे ते आणि आर्टिकल नंबर. पूर्ण कव्हरं न्यायची असतील तर कुरिअर किंवा सीएचएकडून (कस्टमची कामं करणारा एजंट) इन्व्हॉइससकट नीट कागद करा, कस्टमला बॅग उघडल्यावर कागद नसेल तर तुमचाच दिवस जातो. व्हिसाला पण उशीर करू नका, जानेवारीच्या आधी गर्दी असते.

मर्चंडायझर_अंधेरी:
एक राहिलं आणि हे फार महत्त्वाचं आहे. स्टॉल बुक झाला की ईमेल सुरू होतात, तुमची माहिती डिरेक्टरीत फुकट अपडेट करा, फक्त सही करून पाठवा. खाली बारीक अक्षरात वर्षाला हजारेक युरो आणि तीन वर्षांचा करार असतो. बायरची यादी विकतो, हॉटेल बुक करून देतो असेही येतात. यूफी म्हणजे प्रदर्शनवाल्यांची जागतिक संघटना, ती स्वतः याबद्दल सावध करते. जत्रेच्या अधिकृत साइटवर ज्यांचं नाव आहे त्यांच्याशीच व्यवहार करा. तुमच्या एजंटलाही हेच विचारा, की पावती कुणाच्या नावाने येणार, आयोजकांच्या की त्याच्या. त्याने आढेवेढे घेतले तर तिथेच थांबा.

आणि जाताना एक पान टाइप करून न्या: न्हावाशेवा एफओबी भाव (म्हणजे माल तिथे जहाजावर चढेपर्यंतचा खर्च धरून), एका डिझाइनच्या एका रंगात कमीत कमी किती नग, कार्टनमध्ये किती बसतात, ऑर्डरपासून किती दिवसांत तयार. कमी नगांची लाज बाळगू नका, छोट्या दुकानांना तेच हवं असतं. दिवस मात्र खरे सांगा. बायकांच्या हाताला गणपती-दिवाळीत घरची किती कामं असतात ते तुम्हालाच माहीत, आणि ख्रिसमसचा माल नेमका त्याच्या आसपासच निघायचा असतो. पैशाचं म्हणाल तर पहिल्या ऑर्डरला काही रक्कम आगाऊ मागा, उरलेल्यासाठी ईसीजीसी या सरकारी कंपनीच्या निर्यात विम्याची चौकशी करा.

लालच्या नव्या लॉटची टेस्ट झाली की इथे लिहा ताई, आणि नेस्कोला जाणार असाल तर तारीख टाका, मी येते बरोबर.

लालबाग_शिवण:
नक्की टाकते! एजंटना आज पावतीचं विचारलं, सांगतो म्हणालेत. सोमवारी जाऊबरोबर आधी ऑपेरा हाऊस, मग प्रभादेवी.