केशरी शिधापत्रिका, रिक्षाचा हप्ता आणि जूनचा घरखर्च: सवलती हिशेबात कशा धराव्यात?

मोरपंखी (नाशिक), ६ जून २०२०

नमस्कार. टाळेबंदीतील सरकारी सवलती आणि घरखर्च यांचा मेळ कसा घालावा, याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. प्रश्न लांबला आहे, त्याबद्दल क्षमस्व.

घरात आम्ही पाच जण आहोत: मी, यजमान, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आणि नववी व पाचवीत गेलेली दोन मुले. यजमान शालिमार ते सातपूर शेअर रिक्षा चालवतात आणि मी घरी फॉल-पिको व ब्लाउज शिवते. मार्चपर्यंत दोघांचे मिळून महिन्याला अठरा ते वीस हजार रुपये येत होते. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूपासून रिक्षा दारात उभी राहिली. आता ती बाहेर काढता येते, परंतु चालकाशिवाय दोनच प्रवासी आणि तेही अत्यावश्यक कामासाठीच, त्यामुळे शेअर रिक्षाचे गणित त्यात बसत नाही. लग्नसराई हातची गेल्याने ब्लाउजचे काम थांबले आहे. नगामागे तीन रुपये या दराने मास्क शिवून मे महिन्यात २,४०० रुपये मिळाले. बँकेत ११,००० रुपये शिल्लक आहेत.

खर्च असा आहे: घरभाडे ४,५००, किराणा सुमारे ६,०००, सासूबाईंची रक्तदाबाची औषधे ७००, भिशी १,०००, शिवाय मोबाइलचे रिचार्ज आणि वीजबिल. रिक्षाच्या कर्जाचा हप्ता ५,४०० रुपये आहे. फेब्रुवारीअखेर सुमारे ९०,००० रुपये बाकी होते आणि व्याज १४ टक्के आहे. मार्च, एप्रिल आणि मेचे हप्ते सवलतीमुळे भरलेले नाहीत. आता सवलत ऑगस्टपर्यंत वाढल्याचा संदेश आला आहे, म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

मात्र सवलतींविषयी जे कानावर येते त्यातले आमच्या वाट्याला काय येते, हे समजत नाही. शेजारच्या गवंड्याच्या खात्यात २,००० रुपये आले, समोरच्या बाईंना सिलिंडर मोफत मिळाला, कोणाला जनधन खात्यात ५०० रुपये, कोणाला फुकट तांदूळ. आमची शिधापत्रिका केशरी आहे. माझे बँक खाते साधे बचत खाते आहे. सासूबाईंचे जनधन खाते २०१४ साली उघडले होते, पण त्यात कित्येक वर्षांत व्यवहार झालेला नाही. फेरीवाल्यांसाठी दहा हजारांचे कर्ज जाहीर झाले आहे, ते मला मिळेल का? आणि शेवटचा प्रश्न: माझ्या पाटल्या आताच गहाण ठेवाव्यात, की थांबावे?

---

धान्यवाटप (नाशिक रोड), ६ जून २०२०

ताई, प्रथम शिधापत्रिकेचे पाहू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच आहेत. एप्रिलपासून आमच्या प्रभागात रेशन दुकानासमोरची रांग सांभाळण्याचे काम मी स्वेच्छेने करतो आहे आणि दिवसातून निदान वीस वेळा हेच सांगावे लागते की, केशरी हा केवळ पत्रिकेचा रंग आहे. तुमच्या पत्रिकेवर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे का, ते आधी पाहावे. शिक्का असल्यास तुमचे नाव अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत आहे आणि मग माणशी ३ किलो गहू २ रुपये दराने व २ किलो तांदूळ ३ रुपये दराने हे नेहमीचे धान्य, आणि त्याखेरीज एप्रिल ते जून या तीन महिन्यांसाठी माणशी ५ किलो तांदूळ मोफत, असा दुहेरी हक्क तुम्हाला आहे. हे मोफत धान्य स्वतंत्र आहे. नेहमीच्या धान्याचे पैसे लागतात म्हणून दुकानदार फसवतो असे समजून काही जण भांडण काढतात, तर काही ठिकाणी एकच धान्य देऊन दोन्हींवर अंगठा घेतला जातो, असेही पाहण्यात आले आहे. म्हणून पावती मागून घ्यावी.

शिक्का नसेल, तर राज्य शासनाने केशरी पत्रिकाधारकांसाठी मे आणि जून या दोन महिन्यांपुरती वेगळी सोय केली आहे: माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये दराने. तुमच्या पाच जणांना महिन्याला १५ किलो गहू १२० रुपयांना आणि १० किलो तांदूळ १२० रुपयांना, म्हणजे २५ किलो धान्य २४० रुपयांत मिळेल. बारा अंकी शिधापत्रिका क्रमांक जवळ ठेवावा आणि सर्व पाच नावे पत्रिकेवर चढलेली आहेत ना, ते तपासावे. धाकट्या मुलाचे नाव राहून गेले म्हणून पाच किलो धान्याला मुकणारी घरे आमच्याकडे बरीच आहेत.

मोफत सिलिंडर फक्त उज्ज्वला योजनेतील जोडणीला आहे. जनधनचे ५०० रुपये एप्रिल, मे आणि जून असे तीन महिने केवळ महिलांच्या जनधन खात्यात आहेत, त्यामुळे तुमच्या बचत खात्यात ते येणार नाहीत. परंतु सासूबाईंच्या खात्यात एव्हाना पैसे जमा असण्याची शक्यता आहे. बँकेत गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार पैसे काढण्याचे दिवस ठरवून दिले आहेत. खाते निष्क्रिय झाले असल्यास आधार कार्ड घेऊन त्यांना स्वतः जावे लागेल, म्हणून सकाळी लवकर न्यावे आणि रांगेत तुम्ही उभे राहावे.

---

हिशेबवही (निवृत्त बँक कर्मचारी), ६ जून २०२०

धान्याविषयी वर नेमके सांगितले आहे, म्हणून मी हप्त्याकडे वळतो. प्रश्नातले ‘सुटकेचा श्वास’ हे शब्द मला खटकले.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिन्यांसाठी आणि २२ मे रोजी आणखी तीन महिन्यांसाठी जी मुभा दिली, ती हप्ता पुढे ढकलण्याची आहे. हप्ता माफ झालेला नाही आणि व्याजही थांबलेले नाही. तुमच्या ९०,००० रुपयांवर १४ टक्क्यांनी महिन्याला साधारण १,०५० रुपये व्याज चढते. ते न भरल्यास मुद्दलात मिळते, म्हणून मेअखेर तुमची बाकी सुमारे ९३,१९० झाली आहे आणि ऑगस्टअखेरपर्यंत काहीच न भरल्यास ती ९६,४९० च्या घरात जाईल. पाच हजार चारशेच्या हप्त्याने पाहिले तर कर्ज सहा महिने लांबतेच, शिवाय सुमारे दीड हप्ता अधिक भरावा लागतो. या व्याजाबाबत सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू आहे, परंतु निकाल आपल्या बाजूने लागेल असे धरून घरचा हिशेब मांडू नये.

मग सवलत घेऊच नये का? तुमच्या परिस्थितीत ती घेणेच योग्य आहे, कारण शिल्लक ११,००० असताना ५,४०० हप्त्यात घालणे म्हणजे दोन महिन्यांत हात रिकामे करणे होय. मात्र जमल्यास दरमहा निदान व्याजाएवढी रक्कम भरावी, म्हणजे बाकी वाढणार नाही. वित्त कंपनी अशी अंशतः रक्कम कोणत्या खात्यात जमा करते हे आधी विचारून लेखी पावती घ्यावी आणि हप्ता आपोआप वळता होण्याची सूचना बँकेत चालू असेल, तर ती जूनसाठी थांबवली आहे याची खात्री करावी. अन्यथा शिल्लक अपुरी म्हणून दंड लागेल आणि सवलत असूनही भुर्दंड पडेल.

माझी पद्धत जुनी आहे. वहीत दोन पाने करावीत. एका पानावर खरोखर मिळालेले: धान्यावर वाचलेले पैसे, जनधनचे पैसे, मास्कची मजुरी. दुसऱ्या पानावर पुढे ढकललेले: कर्जाचा हप्ता, घरभाडे, भिशी. १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची सूचना दिली, तीही या दुसऱ्याच पानावर येते, कारण भाडे माफ झालेले नाही. ही दोन पाने एकत्र झाली की हातात पैसे असल्याचा भास होतो आणि सप्टेंबरमध्ये सगळी देणी एकदम दारात उभी राहतात. वीजबिलही दुसऱ्याच पानावर घ्यावे: मार्चअखेरपासून मीटरवाचन बंद असल्याने बिले सरासरीने आली आहेत, उन्हाळ्यात सर्व जण घरी असताना पंखे दिवसभर चालले आहेत आणि प्रत्यक्ष वाचन झाल्यावर फरकाची रक्कम येणारच आहे.

गवंड्याच्या २,००० रुपयांविषयी थोडे सांगतो, कारण ‘त्याला मिळते, आम्हाला का नाही’ हा प्रश्न रास्त आहे. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर घेऊन कामगारांसाठी निधी उभा करण्याची तरतूद १९९६ च्या कायद्याने केली, म्हणून नोंदणीकृत बांधकाम कामगारांना देण्यासाठी मंडळाकडे पैसा तयार होता. रिक्षाचालकांसाठी आपल्याकडे असा निधी नाही. दिल्ली आणि कर्नाटक या राज्यांनी रिक्षाचालकांना ५,००० रुपये देण्याचे जाहीर केले आहे. महाराष्ट्रात आजपर्यंत तसे झालेले नाही, हे खेदाने नमूद करतो.

---

जुना सातपूरकर, ७ जून २०२०

हिशेबवही यांच्याशी बव्हंशी सहमत आहे, पण एका बाबतीत मतभेद नोंदवतो. सातपूरच्या कारखान्यातील माझी कंत्राटी नोकरी एप्रिलमध्ये गेली आणि मी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा खात्यातील शिलकीच्या ७५ टक्के, यांपैकी कमी असेल ती रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही. ही सवलत दोन्ही पानांवर बसत नाही: ते पैसे मिळालेलेही नाहीत आणि ढकललेलेही नाहीत, ते माझ्याच म्हातारपणाचे पैसे मी आज खाल्ले. त्यासाठी वहीत तिसरे पान हवे. मोरपंखीताईंच्या पाटल्याही त्याच पानावर येतात.

पाटल्यांविषयी माझे मत असे की, आज गहाण ठेवू नयेत. गहाण ठेवायचीच वेळ आली, तर बँकेत ठेवाव्यात. सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते आणि व्याज गल्लीतल्या सावकारापेक्षा बरेच कमी असते. पण १४ टक्क्यांचा ढकलता येणारा हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज काढण्यात अर्थ नाही. सोने दवाखान्यासाठी राखावे, विशेषतः घरात वयस्कर माणूस असताना. फेरीवाल्यांचे दहा हजारांचे कर्ज २४ मार्चपर्यंत रस्त्यावर विक्री करणाऱ्यांसाठी आहे. घरातील शिवणकाम त्यात बसत नाही आणि बसले असते तरी ते दुसऱ्याच पानावर लिहावे लागले असते.

रिक्षाचे पासिंग किंवा परवाना यांची मुदत १ फेब्रुवारीनंतर संपली असेल, तर ती कागदपत्रे ३० जूनपर्यंत वैध धरली जातात. विमा मात्र अजिबात खंडित होऊ देऊ नये. आणि एक सुचवतो: अत्यावश्यक कामाला जाणारे दोनच प्रवासी न्यायचे असतील, तर रुग्णालयातील परिचारिकांना महिन्याच्या बोलीवर ने-आण करण्याचे विचारून पाहावे. आमच्या कॉलनीतील एक जण तेच करतो.

---

मोरपंखी, १२ जून २०२०

सर्वांचे मनापासून आभार. पत्रिकेवर शिक्का नाही, त्यामुळे २४० रुपयांतील २५ किलो धान्य घेतले. बाहेरून हेच धान्य मला ८२० रुपयांना पडते, म्हणजे ५८० रुपये वाचले. खरे सांगायचे तर मला हा आकडा मोठा वाटत होता. वहीत लिहिल्यावर कळले की किराण्यातला मोठा भाग तेल, डाळ, साखर आणि चहाचा आहे आणि त्याला शिधापत्रिकेचा आधार नाही. ते आवरून किराणा ४,६०० वर आणला.

सासूबाईंच्या खात्यात तिन्ही हप्ते मिळून १,५०० रुपये जमा होते. पैसे हातात आल्यावर त्यांनी त्यातले शंभर रुपये स्वतःकडे ठेवू का, असे विचारले, तेव्हा मलाच अवघडल्यासारखे झाले. ते शंभर त्यांच्याकडेच आहेत, मी ते खर्चात औषधांच्या खाली लिहिले नाहीत, किराण्यातून कमी केले. यजमानांना दोन परिचारिकांची ने-आण मिळाली, इंधन वजा जाता महिन्याला ३,००० राहतील. मास्कचे २,४०० धरून जूनची जमा ६,९०० होते.

घरमालक निवृत्त आहेत आणि त्यांचेही घर आमच्या भाड्यावर चालते, म्हणून शासनाची सूचना त्यांच्यापुढे न ठेवता जून ते ऑगस्ट निम्मे भाडे द्यायचे आणि उरलेले दिवाळीनंतर, असे कागदावर लिहून घेतले. भाडे २,२५०, कर्जाचे व्याज १,१००, औषधे ७००, मुलांच्या ऑनलाइन वर्गासाठी रिचार्ज २५० आणि येणाऱ्या वीजबिलासाठी बाजूला ५००. किराणा धरून खर्च ९,४०० होतो. भिशीच्या सगळ्या बायकांनी मिळूनच तीन महिने भिशी थांबवली. तूट २,५०० ची आहे आणि ती काढल्यावर शिल्लक ८,५०० राहील. शाळेने शुल्क एकरकमी मागितले होते, पण ८ मेच्या शासन निर्णयात मासिक किंवा त्रैमासिक भरण्याचा पर्याय आहे, हे दाखवून जुलैपासून दरमहा भरण्याचे ठरले. पाटल्या डब्यातच आहेत.

---

धान्यवाटप, १२ जून २०२०

हिशेब व्यवस्थित आहे. फक्त १५ किलो गव्हाचे दळण धरले आहे का? रेशनचा गहू निवडावाही लागतो, अर्धा किलो तरी कमी भरेल.

---

मोरपंखी, १२ जून २०२०

धरले नव्हते. आमच्याकडे किलोला पाच रुपये घेतात. शिल्लक ८,४२५.