मेकाँगचे पाणी चीन अडवतो, हे कितपत खरे?

उत्तरायण (चर्चाप्रस्ताव)

तिबेटच्या पठारावर उगम पावणारी मेकाँग युन्नान प्रांत ओलांडून म्यानमार, लाओस, थायलंड आणि कंबोडिया या देशांना स्पर्श करत दक्षिण व्हिएतनाममध्ये समुद्राला मिळते. चीनमध्ये तिला लानत्सांग म्हणतात. २०१९च्या दुष्काळानंतर तिच्याविषयी जे काही वाचनात आले, त्याचा सूर बहुधा एकच होता: वरच्या अंगाला चीनने धरणांची साखळी उभारली आणि खालचे देश तहानले. मात्र संपूर्ण नदीच्या वार्षिक प्रवाहात चीनच्या हद्दीतून येणारे पाणी जेमतेम १६ टक्के आहे, असेही त्याच लेखांमध्ये नोंदवलेले असते. एवढ्या अल्प वाट्यावर नियंत्रण ठेवून एखादा देश उरलेल्या नदीची कोंडी कशी करू शकतो? शिवाय १९९५पासून मेकाँग नदी आयोग अस्तित्वात असताना हे वाद तेथे का मिटत नाहीत? जाणकारांनी खुलासा करावा, ही विनंती.

पाणलोट

१६ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे, परंतु तो वर्षभराच्या सरासरीचा आहे आणि मेकाँगसारख्या मोसमी नदीत सरासरी फारसे काही सांगत नाही. पावसाळ्यात लाओसच्या डोंगरांतून येणाऱ्या उपनद्या इतके पाणी ओततात की चीनचा वाटा त्यात बुडून जातो. लाओसचा एकट्याचा वाटा सुमारे ३५ टक्के आहे. उन्हाळ्यात मात्र याच उपनद्या रोडावतात आणि वरून येणाऱ्या पाण्याचे महत्त्व कित्येक पटींनी वाढते. उत्तर थायलंडमधील चिआंग सेनपाशी तर नदीतले बहुतेक सर्व पाणी चीनमधूनच आलेले असते.

चीनच्या मुख्य प्रवाहावरील धरणांपैकी साठ्याच्या दृष्टीने दोनच खरी मोठी आहेत: शियाओवान आणि नुओझादू. या दोहोंची एकत्रित साठवणक्षमता आपल्या कोयनेच्या बारापट तरी भरेल. ही धरणे प्रामुख्याने विजेसाठी आहेत, म्हणजे त्यांतले पाणी शेवटी खालीच सोडले जाते. त्यामुळे ‘आमच्या धरणांमुळे उन्हाळी प्रवाह वाढला’ हा चीनचा दावा खोटा म्हणता येत नाही. पावसाळ्यात भरून घ्यायचे आणि कोरड्या महिन्यांत सोडायचे, हेच त्यांच्या कामाचे स्वरूप आहे. अडचण अशी की मेकाँगच्या खोऱ्यातील जीवन पावसाळी पुरावर बेतलेले आहे आणि तो पूरच या व्यवस्थेत सपाट होत जातो.

कंबोडियातील तोन्ले साप सरोवरात याचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो. नोम पेन्हपाशी त्याच नावाची नदी मेकाँगला मिळते. एरवी ही नदी सरोवराचे पाणी मेकाँगमध्ये आणते; पण जूनच्या सुमारास मेकाँगची पातळी चढू लागली की तिचा प्रवाह उलटा फिरतो आणि पुराचे पाणी सरोवरात शिरू लागते. कोरड्या दिवसांत साधारण अडीच हजार चौरस किलोमीटर असलेले हे सरोवर भर पुरात पंधरा हजारांच्या आसपास पसरते. पाण्याखाली गेलेल्या जंगलांत मासे वाढतात, ओसरत्या पाण्याबरोबर बाहेर पडतात आणि प्राहोक नावाच्या आंबवलेल्या माशांच्या रूपाने वर्षभर कंबोडियाच्या ताटात राहतात. २०१९ आणि २०२० या दोन्ही वर्षी प्रवाह उलटण्यास उशीर झाला. त्यामागे पाऊस कमी पडला हेही कारण होते आणि केवळ धरणांवर सारा दोष टाकणे मला अतिशयोक्तीचे वाटते. तरीही कमकुवत पावसाच्या वर्षी वरचे जलाशय आधी भरून घेतले गेले, तर पुराचे उरलेसुरले बळही जाते, हे मान्य करावेच लागेल.

पाण्याच्या वादात गाळाचा उल्लेख क्वचितच होतो. धरणे होण्यापूर्वी ही नदी वर्षाला सुमारे १६ कोटी टन गाळ वाहून नेत असे आणि त्यातला निम्म्याच्या आसपास भाग चीनमधून येई. पाणी आज ना उद्या सोडता येते, परंतु जलाशयात बसलेला गाळ बहुतांशी तेथेच राहतो. व्हिएतनामचा त्रिभुज प्रदेश याच गाळाने घडलेला आहे. देशाचा जवळपास निम्मा तांदूळ तेथे पिकतो. एकीकडे गाळ घटला, दुसरीकडे बांधकामासाठी पात्रातून बेसुमार वाळू उपसली जाते, आणि भूजलाच्या उपशामुळे जमीनही खचते आहे. यातले शेवटचे कारण संपूर्णपणे व्हिएतनामच्या स्वतःच्या हातात आहे.

सीमापार

पाणलोट यांच्या प्रतिसादाशी सहमत आहे. आयोगाविषयी थोडी भर घालतो.

१९५७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली लाओस, थायलंड, कंबोडिया आणि तेव्हाचा दक्षिण व्हिएतनाम या खालच्या चार देशांची मेकाँग समिती स्थापन झाली. १९७५च्या त्यांच्या संयुक्त घोषणेनुसार मुख्य प्रवाहावरील मोठ्या प्रकल्पांना इतर सदस्यांची पूर्वसंमती अपेक्षित होती, म्हणजे प्रत्येकाकडे एक प्रकारचा नकाराधिकार होता. पुढे ख्मेर रूज या कट्टर साम्यवादी राजवटीच्या काळात कंबोडिया बाहेर राहिला आणि १९९५ साली थायलंडमधील चिआंग राय येथे नवा करार होऊन समितीच्या जागी आयोग आला, तेव्हा हा अधिकार गळाला. आता खोऱ्यातल्या खोऱ्यात पाणी वापरायचे असेल, तर उपनदीवरील प्रकल्पाची केवळ सूचना द्यायची आणि मुख्य प्रवाहावर कोरड्या ऋतूतही पाणी वापरायचे असल्यास पूर्वविचारविनिमय करायचा, एवढेच बंधन आहे. विचारविनिमयात एकमत झाले नाही तर काय, याचे उत्तर करारात नाही. कृष्णा खोऱ्यातील राज्ये लवादाच्या निवाड्यावर कितीही भांडली, तरी तेथे निवाडा देणारा कोणीतरी आहे. मेकाँगवर तसा कोणी नाही, आणि चीन व म्यानमार तर आयोगाचे सदस्यही नाहीत, फक्त संवाद-भागीदार आहेत.

या व्यवस्थेची खरी परीक्षा चीनने घेतली नाही, ती लाओसने घेतली. झायाबुरी येथील १,२८५ मेगावॉटच्या प्रकल्पावर २०१०–११ मध्ये विचारविनिमय झाला. कंबोडिया आणि व्हिएतनाम यांनी आक्षेप घेतले, अधिक अभ्यासाची मागणी झाली, तरीही २०१२ साली लाओसने कामाचा समारंभपूर्वक शुभारंभ केला. माशांसाठी मार्ग आणि गाळ सोडण्याचे दरवाजे यांसाठी आराखड्यात बदल झाले, हे खरे. पण ते मासे आणि गाळ प्रत्यक्षात किती प्रमाणात पार होतात, हा वाद मिटलेला नाही. २०१९च्या ऑक्टोबरात धरण कार्यान्वित झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच ईशान्य थायलंडमध्ये एरवी तपकिरी असणारी मेकाँग निळसर आणि नितळ दिसू लागली. पर्यटकांनी छायाचित्रे काढली, परंतु गाळाविना धावणारे पाणी काठ आणि तळ खरवडते, म्हणून तज्ज्ञांना ती धोक्याची खूण वाटली.

या प्रकल्पाची ९५ टक्के वीज थायलंड विकत घेतो. म्हणजे ज्या देशातील नदीकाठची गावे धरणाविरुद्ध न्यायालयात गेली, त्याच देशातील वीजखरेदीच्या हमीवर ते धरण उभे राहिले. लाओसमधीलच लुआंग प्राबांग येथील पुढच्या प्रकल्पात सुरुवातीला व्हिएतनामच्याच एका सरकारी कंपनीचे भांडवल होते. ‘वरचा दुष्ट आणि खालचे सोशिक’ ही मांडणी येथे टिकत नाही.

उत्तरायण

दोन्ही प्रतिसादांबद्दल आभार. लगेचच आणखी एक शंका मनात आली. चीन आपल्या धरणांतील विसर्गाची माहिती खालच्या देशांना देतो का? आणि ब्रह्मपुत्रेमुळे आपणही याच पेचात असताना भारताची भूमिका काय आहे?

काठावरचा

माहितीचा प्रवाह पाण्याहूनही आकसलेला आहे, असे म्हणावेसे वाटते. २००२च्या करारानुसार चीन फक्त पूरकाळातील पातळी व पाऊस कळवत असे. वर्षभराची आकडेवारी देण्याचे त्याने २०२० साली मान्य केले. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनमधील जिंगहोंग धरणाचा विसर्ग जवळपास निम्म्यावर आणला गेला आणि त्याची सूचना मात्र जानेवारीत, पाणी कमी झाल्यानंतर पोहोचली. कारण सांगितले गेले ते विद्युतवाहिन्यांच्या देखभालीचे. उलट मार्च २०१६ मध्ये व्हिएतनामच्या त्रिभुज प्रदेशात दुष्काळ असताना याच धरणातून मुद्दाम पाणी सोडले गेले होते. त्याच महिन्यात चीनच्या पुढाकाराने लानत्सांग–मेकाँग सहकार्य ही सहा देशांची नवी यंत्रणा स्थापन झाली, हा निव्वळ योगायोग नसावा. बंधन न स्वीकारता औदार्य दाखवणे वरच्या देशाला नेहमीच सोयीचे असते.

भारताविषयी: आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांच्या १९९७च्या संयुक्त राष्ट्रसंघीय करारावर चीनने विरोधी मत दिले, तर भारत तटस्थ राहिला. सिंधू आणि गंगेवर आपण वरच्या अंगाला, ब्रह्मपुत्रेवर खालच्या. त्यामुळे एका नदीवर जी तत्त्वे मागायची तीच दुसरीवर पाळावी लागतील, याची जाणीव त्या तटस्थतेमागे असावी, असे माझे मत आहे. व्हिएतनामने मे २०१४ मध्ये तो करार स्वीकारला आणि आवश्यक असलेली ३५ देशांची संख्या पूर्ण होऊन त्याच वर्षी तो अमलात आला. सर्वांत खालच्या देशाने ही घाई करावी, हे स्वाभाविकच आहे.

सध्या लक्ष ठेवण्यासारखा वाद कंबोडियाच्या फुनान तेचो कालव्याचा आहे. मूळ आराखड्यात १८० किलोमीटरचा असलेला हा जलमार्ग मेकाँगच्या खोऱ्यातून थेट थायलंडच्या आखातापर्यंत नियोजित असून ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा प्रारंभ झाला. व्हिएतनामी बंदरांवरील अवलंबित्व कमी करणे हा त्याचा उघड हेतू आहे. कंबोडियाने तो ‘उपनदीवरील प्रकल्प’ म्हणून नोंदवला, म्हणजे सीमापार यांनी सांगितलेल्या नियमांपैकी केवळ सूचनेचा नियम लागू होतो. व्हिएतनामने अधिक माहिती मागितली आहे. नदीतील पाण्याची रोजची पातळी आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येते. त्यातील प्रेक क्दाम हे केंद्र तोन्ले साप नदीवर आहे. पावसाळ्यात तेथील आलेख मागील वर्षांच्या आलेखांशी ताडून पाहिल्यास पुराच्या जोराचा अंदाज येतो.