सुपरसीड : मधे ‘एस’ की ‘सी’?

प्रश्न

नवे परिपत्रक जुन्याची जागा घेते तेव्हा इंग्रजीत ‘सुपरसीड’ हे क्रियापद वापरतात. त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘सुपर’नंतर एस लिहायचा की सी? दोन्ही छापलेले दिसतात. आणि मराठीत याला नेमके काय म्हणावे : रद्द करणे, बदलणे की अधिक्रमित करणे?

उत्तर

एस. पूर्ण स्पेलिंग असे : एस-यू-पी-ई-आर-एस-ई-डी-ई. एकूण 9 अक्षरे, त्यांत एस 2 आणि ई 3. सी एकही नाही. लिहून झाल्यावर एवढे मोजून पाहिले तरी चूक सापडते.

चूक होते ती कानामुळे. इंग्रजीत ‘सीड’ या उच्चाराने संपणारी क्रियापदे बरीच आहेत आणि ती तीन प्रकारे लिहिली जातात. बहुतेकांच्या शेवटी सी-ई-डी-ई येते : प्रिसीड, रिसीड, कन्सीड, इंटरसीड, सिसीड. फक्त तीन नेहमीच्या क्रियापदांत सी-ई-ई-डी असा जोड-ई आहे : प्रोसीड, एक्सीड, सक्सीड. आणि एस-ई-डी-ई ने संपणारे एकच : सुपरसीड. सगळी मंडळी सी लावून बसलेली असताना हा एकटा एस घेऊन आलेला, त्यामुळे हात आपोआप सी कडे वळतो. देवनागरीत तर तिन्ही प्रकार ‘सीड’ असेच लिहिले जातात, म्हणजे आपल्या लिपीकडून मदत नाही.

काही जण प्रोसीडच्या धर्तीवर शेवटी एस-ई-ई-डी लिहितात. तेही चूकच, त्याने शब्दात बी-बियाण्याचे ‘सीड’ घुसते.

त्यात भर, व्युत्पत्तीची

पाठ करण्यापेक्षा कारण कळले की हे स्पेलिंग सुटत नाही. बाकीच्या ‘सीड’वाल्या क्रियापदांचे मूळ लॅटिन ‘केदेरे’ : जाणे, सरकणे, माघार घेणे. प्रिसीड म्हणजे आधी जाणे, रिसीड म्हणजे मागे जाणे. ‘सुपरसीड’चे मूळ मात्र ‘सेदेरे’, म्हणजे बसणे. ‘सुपर’ म्हणजे वर. वर बसणे.

हा ‘सेदेरे’ आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतातला ‘सद्’ धातू आणि तो एकाच मूळ धातूपासून आलेले. सदन, संसद, परिषद, सभासद, उपनिषद या सगळ्यांत बसणे आहे आणि त्या सगळ्यांत स किंवा त्याचा झालेला ष आहे. इंग्रजीतही पाहा : सेशन म्हणजे बैठक, सेडेंटरी काम म्हणजे बैठे काम, सेडिमेंट म्हणजे तळाशी बसलेला गाळ. प्रत्येकाचे पहिले अक्षर एस. तेव्हा सुपरसीड लिहिताना ‘सदन’ आठवावे.

सी लिहिणारे सगळेच निष्काळजी असतात असे मात्र नाही. मधल्या काळातल्या लॅटिन-फ्रेंच लेखनातच ‘सेदेरे’ आणि ‘केदेरे’ यांची गल्लत झाली होती आणि इंग्रजी छपाईत सीवाले रूप 17व्या शतकापासून सापडते. म्हणूनच मेरियम-वेबस्टरसारखा कोश ते रूप नोंदवतो, पण ते अनेकांना चूक वाटते हेही सांगतो. कोशात नोंद आहे म्हणजे कार्यालयीन पत्रात चालेल असा अर्थ काढू नये. संपादक, परीक्षक आणि कायद्याचा मसुदा तपासणारे, तिघेही ते खोडतात.

नामाबद्दल

क्रियापद बरोबर लिहून नामात घसरणारे पुष्कळ आहेत. नाम आहे ‘सुपरसेशन’. रिसेशन, कन्सेशन, प्रोसेशन यांत सी येतो, त्यांच्या ओढीने इथेही सी पडतो. फोड केली की प्रश्न मिटतो : सुपर अधिक सेशन. बैठकीचे जे सेशन, तेच स्पेलिंग जसेच्या तसे. 12 अक्षरे, त्यांत एस 4.

संगणकाच्या क्षेत्रात ‘सुपरसीडन्स’ असेही नाम चालते. एक अद्ययावत पॅच (सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती) आधीच्या पॅचला निरुपयोगी ठरवतो, त्या नात्याला ते वापरतात. मधमाशीपालनात तिसरे नाम आहे, ‘सुपरसीजर’. तिथेही एस.

विचारणा

मधमाश्यांचा संबंध कळला नाही. जरा खुलासा व्हावा.

उत्तर

राणीमाशी म्हातारी झाली किंवा तिचे अंडी घालणे मंदावले की वसाहत स्वतःच नवी राणी तयार करते. वसाहत फुटून थवा बाहेर पडत नाही, त्याच घरात राणी बदलते. याला सुपरसीजर म्हणतात. अशा वेळी राणीघरे मोजकीच असतात, बहुधा पोळ्याच्या मधल्या भागावर एक ते तीन. थवा निघणार असेल तर ती जास्त असतात आणि बहुतेक खालच्या कडेला लोंबतात. नवी राणी अंडी घालू लागली तरी जुनी कधीकधी काही काळ शेजारीच वावरते.

शब्दाचा अर्थ इथे फार स्पष्ट दिसतो. जुनी नुसती काढून टाकलेली नाही. नवी आली आणि जुनीचे काम तिच्याकडे गेले. ‘रद्द करणे’ आणि ‘सुपरसीड करणे’ यांतला फरक हाच.

वापराबद्दल

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. जवळच्या शब्दांपासून हा वेगळा ठेवला नाही तर मसुद्यात घोटाळा होतो.

कॅन्सल : रद्द. त्या जागी दुसरे काही येईलच असे नाही. अमेंड : सुधारणा. जुना मजकूर जिवंत, त्यातला काही भाग बदलला. ओव्हरराइड : दोन्ही तरतुदी कागदावर राहतात, पण विरोध आला की एक वरचढ ठरते. रिपील : कायद्याचे निरसन. सुपरसीड : नवे आले, त्यामुळे जुन्याचा अंमल संपला. नवे असल्याशिवाय हे क्रियापद वापरताच येत नाही.

वाक्यरचनेत दोन चुका सतत दिसतात. पहिली, ‘सुपरसीड’नंतर ‘ओव्हर’ घालणे. हे सकर्मक क्रियापद आहे, थेट कर्म घेते. ‘वर’ हा अर्थ ‘सुपर’मध्येच आला. दुसरी, दिशा उलटणे. कर्ता नेहमी नवा, कर्म जुने. कर्मणी प्रयोगात जुने पुढे येते आणि नव्याच्या आधी ‘बाय’ लागते, ‘विथ’ नाही.

भारतीय इंग्रजीत आणखी एक अर्थ रुळला आहे : ज्येष्ठाला डावलून कनिष्ठाला बढती देणे. तिथे मराठीत ‘डावलणे’ हाच शब्द बसतो, ‘अधिक्रमित’ लिहू नये.

मसुदा लिहिणाऱ्यांसाठी

‘यापूर्वीची सर्व परिपत्रके सुपरसीड करण्यात येत आहेत’ हे वाक्य सोयीचे वाटते आणि तेच नंतर गळ्याशी येते. ‘सर्व’मध्ये काय काय गेले हे लिहिणाऱ्यालाही माहीत नसते, एखाद्या जुन्या परिपत्रकातला अजून लागणारा परिच्छेदही त्यात वाहून जातो. चार गोष्टी लिहाव्यात : जुन्या कागदाचा क्रमांक व दिनांक, तो पूर्ण गेला की ठरावीक परिच्छेद, कोणत्या तारखेपासून, आणि जुन्याप्रमाणे आधीच झालेली कार्यवाही वैध राहील की नाही. चौथी सर्वांत जास्त विसरली जाते आणि वाद तिच्यावरूनच होतात.

इंटरनेटच्या तांत्रिक मानकांची पद्धत इथे अनुकरण करण्यासारखी आहे. तिथल्या आरएफसी दस्तऐवजांच्या शिरोभागात कोणता क्रमांक कालबाह्य केला आणि कोणत्यात फक्त भर घातली हे वेगवेगळे लिहितात. 1999 च्या 2616 या दस्तऐवजाने 1997 चा 2068 कालबाह्य केला, आणि 2014 मध्ये तो स्वतःही 7230 ते 7235 या मालिकेने कालबाह्य ठरला. साखळी कुठून कुठे गेली हे क्रमांकांवरूनच कळते.

मराठी शब्दाविषयी

प्रशासकीय मराठीत ‘अधिक्रमित करणे’ रूढ आहे आणि ते चांगले आहे. ‘अधि’ म्हणजे वर, ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. मौज अशी की इंग्रजी शब्द वर बसतो आणि मराठी शब्द वर पाऊल ठेवतो. म्हणजे अर्थाच्या चित्रात आपला शब्द ‘जाणे’वाल्या लॅटिन धातूच्या जवळचा आहे. मराठीवरून इंग्रजीकडे येणाऱ्याने म्हणूनच ‘क्रम’ बाजूला ठेवून ‘सदन’ धरावे.

यातही टंकलेखनाची एक खोड आहे : ‘अधिक्रमित’ऐवजी ‘अतिक्रमित’. अतिक्रमण म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत घुसणे. ‘परिपत्रक अतिक्रमित करण्यात येत आहे’ याला काही अर्थ राहत नाही आणि शुद्धलेखन तपासणीत ते पकडलेही जात नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. सर्वसाधारण वाचकांसाठी लिहायचे असेल तर सरळ लिहावे : ‘या आदेशामुळे 12 जूनचा आदेश 1 जुलैपासून लागू राहणार नाही, त्याऐवजी हा आदेश लागू राहील.’