स्प्लेंडरला टर्बो: पॉवर डबल की पिस्टनला भोक?

गंजलेला पाना:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "स्प्लेंडरला ऑनलाइन मिळणारा मिनी टर्बो टाका, पॉवर डबल, ॲव्हरेज तेवढंच." खाली नुसत्या टाळ्या. उद्या कुणाचा तरी पोरगा बापाची गाडी घेऊन लेथवाल्याकडे जाईल, म्हणून सविस्तर लिहितो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या धुरावर फिरणारं टर्बाइन, ते इंजिनात जास्तीची हवा दाबून भरतं.

इंजिन ९७.२ सीसीचं. आठ हजार आरपीएमला ते मिनिटाला चारशे लिटरही हवा ओढत नाही. जपानमधल्या ६६० सीसीच्या गाड्या सात हजारला तेवीसशेच्या आसपास ओढतात, आणि त्यांचा टर्बो लहानात लहान समजला जातो. तसलाच तुम्हाला 'मिनी' म्हणून विकतात. स्प्लेंडरच्या एक्झॉस्टवर तो फिरेल, शिट्टीही मारेल. बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, विसरा.

त्यात सिंगल सिलिंडर. क्रँकच्या दोन फेऱ्यांत एक्झॉस्टचा एकच धक्का, मधल्या वेळात टर्बाइन रेंगाळतं. इनटेक व्हॉल्व्ह बराच वेळ बंद, तेव्हा दाबलेली हवा साठवायला टाकी हवी. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो, त्याला प्रेशरने ऑइल लागतं. आपल्या गाडीत ऑइलपंप नावापुरता आणि ऑइल लिटरभर.

१९८२ ते ८४ दरम्यान होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी, चौघांनी टर्बो बाइक काढल्या. होंडाने सीएक्स ५०० मध्ये काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती पट दाबायचं ते, १०:१ वरून ७.२:१ वर आणलं, फ्युएल इंजेक्शन बसवलं. काही वर्षांत चौघांनीही दुकान गुंडाळलं. त्यांना जमलं नाही ते कोपऱ्यावरच्या गॅरेजला जमणार?

माझ्या टेबलावर मधोमध वितळून भोक पडलेला पिस्टन आहे. पेपरवेट म्हणून वापरतो. बूस्ट दिला, पेट्रोल वाढवलं नाही.

उद्यमनगरी:
कोपऱ्यावरचं गॅरेज म्हणून कुणाला हिणवताय? कोल्हापुरात या, तुमच्या पिस्टनला नवा भाऊ ओतून देतो. सीएक्स टर्बो ८२ हॉर्सपॉवरची होती, साध्या सीएक्सच्या दीडपटीहून जास्त. महाग होती म्हणून खपली नाही. न जमणं वेगळं, न खपणं वेगळं.

हवेच्या टाकीचं म्हणाल तर अमेरिकेत एमआयटीवाल्यांनी सिंगल सिलिंडर डिझेलला टर्बो आणि मध्ये टाकी लावून पॉवर वाढवून दाखवलीय. तीही आपल्याकडचे छोटे ट्रॅक्टर डोळ्यांपुढं ठेवून. आम्ही जुन्या पल्सर १८० ला लावलाय. ऑइलला वेगळा इलेक्ट्रिक पंप. कार्बच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या, फ्लोट बाउललाही (पेट्रोल साठतं ती वाटी) बूस्टची नळी द्यायची, नाहीतर जेटच्या बारीक भोकातनं पेट्रोल येतच नाही. हे तुमच्या लेक्चरमध्ये कुठं दिसलं नाही. आणि नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकण्याची, भीती घालू नका. ई२० मुळं, म्हणजे पेट्रोलात २० टक्के इथेनॉल घातल्यानं, ऑक्टेन वाढलंय, ठोकणं कमी होतं.

साठचं ॲव्हरेज:
ई२० चं कौतुक?! माझी २०१६ ची गाडी ६० द्यायची, आता ५२. साखर कारखानदारांची घरं भरायला आमच्या टाक्या.

शिरोळचा ऊसवाला:
झालं, आला ऊस. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींना ३ ते ४ टक्के घट म्हटलीय. तुमची १३ टक्के. बाकीचे ९ टक्के चेनला ऑइल घालून बघा, सापडतील. आणि २०२३-२४ मध्ये निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्याचं होतं. डिसेंबर २०२३ ला सरकारनं उसाच्या रसापासनं इथेनॉल काढायचं थांबवलं, तेव्हा तुम्ही कुठं होता?

साठचं ॲव्हरेज:
पंपावर. रांगेत. स्वस्त होणार होतं ना? माझ्या बिलात एक रुपया कमी दाखवा.

शिरोळचा ऊसवाला:
ते तेल कंपन्यांना विचारा. आमचा कारखाना एफआरपीचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या ऊसदराचा, दुसरा हप्ता कधी देतो ते आम्हालाच कळत नाही, आणि म्हणे घरं भरली. या एकदा तोडणीला, फडात चला.

साठचं ॲव्हरेज:
येतो की. पेट्रोलचे पैसे देणार असाल तर.

गंजलेला पाना:
ऊस आवरा. उद्यमनगरी, फ्लोट बाउलची नळी माहीत असलेला माणूस भेटला, नारळ-शाल पाठवतो. पण पोस्ट १०० सीसीची आणि तुमचा प्रताप १८० वर. आणि ई२० ने ऑक्टेन वाढलं तसं जुन्या कार्बचं मिश्रण लीनही होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, ते सोयीस्कर गाळलंत. डायनोचा, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्राचा, आकडा द्या.

उद्यमनगरी:
जेट कधीच मोठा टाकलाय. डायनो नाही. पन्हाळ्याच्या चढाला आधी दुसरा गिअर लागायचा, आता तिसऱ्यावर जाते. १०० ला परवडत नाही, एवढं मान्य. खूश?

गंजलेला पाना:
खूश. आणि पन्हाळ्याचा चढ म्हणजे सार्वजनिक रस्ता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, एका बदलाला ५,००० दंड. तुमचे बदल मोजायला लागलो तर गाडीपेक्षा पावती जड.

उद्यमनगरी:
सायलेन्सर फाडून गल्लीत बोंबलणाऱ्यांना सोडून आम्हालाच धरा. आमची शांत आहे, टर्बोनं आवाज खाल्लाय.

शिरोळचा ऊसवाला:
या खर्चात सेकंडहँड पल्सर २२० आली असती.

उद्यमनगरी:
आली असती. ती आमच्या गल्लीत चार जणांकडं हाय.

गंजलेला पाना:
बरं, ऑइल कितीला बदलता?

उद्यमनगरी:
पाचशे किलोमीटरला. तरी काळंच निघतंय.

गंजलेला पाना:
निघणारच. टर्बोतनं ऑइल परत आणणारी नळी जाड करा, उतारावर ठेवा आणि गाडी बंद केल्यावर पंप दोन मिनिटं चालू राहू द्या. हे मी सांगितलं असं कुठं बोलू नका.