मदत हवी आहे : भर उन्हाळ्यात दुपारी जनावरे हौदाचे पाणी पीत नाहीत

नमस्कार. आमच्या मुक्त गोठ्यात आठ दुभत्या गायी, तीन म्हशी आणि काही वासरे आहेत. पाण्याचा तुटवडा नाही. मात्र तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की जनावरे हौदापाशी येतात, पाणी हुंगतात आणि दोन घोट घेऊन मागे फिरतात. मग धार काढून झाल्यावर संध्याकाळी एकदम गर्दी करतात, आणि त्यात दांडग्या गायी पुढे घुसल्यामुळे गरीब स्वभावाच्या गायी मागेच राहतात. दूधही कमी झाले आहे. दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, त्यामुळे त्याचे आश्चर्य वाटत नाही.

छतावरची काळी टाकी आणि जमिनीवरून उघडी नेलेली काळी नळी यांमुळे दुपारी हौदात येणारे पाणी हाताला चक्क गरम लागते. टाकीवर सावली करणे आणि नळी जमिनीत पुरणे ही कामे मी हाती घेत आहे, त्यांविषयी शंका नाही. शंका आहे ती हौदाविषयी.

मोठा हौद बांधला तर पाणी सावकाश तापते आणि एका वेळी जास्त जनावरांना तोंड घालता येते. परंतु तेच पाणी पडून राहते, त्यात वैरणीचे तुकडे व लाळ साचते आणि शेवाळ धरते. लहान हौद ठेवून त्याला फ्लोट व्हॉल्व्ह (पाण्याची पातळी उतरली की आपोआप उघडणारी झडप) बसवला तर पाणी सतत ताजे राहील हे खरे, पण तहानलेली गाय मिनिटाला १० ते २० लिटर पाणी सहज ओढते, म्हणजे तीन गायी एकाच वेळी आल्या तर अर्ध्या इंचाच्या नळीने तो हौद भरत राहणे मला तरी अशक्य वाटते. एका मोठ्या हौदाऐवजी दोन बाजूंना दोन मध्यम हौद ठेवल्यास दांडगाई कमी होते का? हौदाला आतून चुना दिल्यावर किती दिवसांनी हौद घासावा लागतो?

दुसरा प्रश्न क्षारांचा. कूपनलिकेच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला सुमारे २,८०० मिलिग्रॅम आहेत. ३,००० पर्यंतचे पाणी सहसा चालते असे मानले जाते, पण उन्हाळ्यात पिणे वाढते तसे पोटात जाणारे क्षारही वाढतात, म्हणून दुभत्या जनावरांसाठी त्यात साठवलेले पावसाचे पाणी मिसळावे असा विचार आहे. एकूण क्षारांच्या आकड्यावरून नायट्रेट आणि सल्फेट कळत नाहीत, त्यामुळे त्यांची वेगळी तपासणी करून घेणार आहेच.

म्हशींना घामग्रंथी कमी आणि कातडी काळी, त्यामुळे त्यांना डुंबायलाही पाणी लागते. पण त्या पिण्याच्या हौदातच पाय घालतात. काठावर आडवी नळी बसवून हे थांबते का, की डुंबण्याची जागा वेगळीच करावी लागते?

वासरांना उंची पुरत नाही म्हणून बादलीने पाणी देतो. फार वेळ तहानलेल्या वासराने एकदम भरपूर पाणी प्यायल्यास तांबड्या रक्तपेशी फुटून लघवी लाल होऊ शकते, ही भीती मनात असते, म्हणून त्यांच्यासाठी सतत भरलेला बुटका हौद करायचा आहे. त्याची उंची आणि खोली आपण किती ठेवली आहे, हे कृपया वासरांच्या वयासह कळवावे.