दुकानात जाताना सायकल बाहेर कुलपात की आपल्याबरोबर आत? – अनुभव धागा

जुन्या काळ्या सायकलचं मागच्या चाकाचं कुलूप खट्कन लावलं की काम भागायचं. सायकल वीस किलोच्या आसपास, चाकं नट-बोल्टने आवळलेली, सुटं करून नेण्यासारखं काही नाही. आताची गिअरची सायकल १२ ते १४ किलोची, एका हातात उचलली जाते. पुढचं चाक आणि सीट क्विक रिलीजच्या एका खटक्यावर निघतात. दिवा, मीटर, पंप, सीटखालची पिशवी हे सगळं बोटांनी काढता येतं. आणि दुकानासमोर सायकल अडकवायला धड खांब नसतो. म्हणून बरेच जण आता सायकल घेऊनच दुकानात शिरतात.

हे नीट कसं करायचं, यावर ज्यांचा हात बसलाय त्यांनी लिहावं म्हणून हा धागा. विनंती दोनच. आधी गाव आणि सायकल लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला संदर्भ लागतो. आणि चोरीच्या कहाण्या इथे नकोत. काय करता, किती जागा लागते, काय बिघडतं आणि का, तेवढं लिहा.

पुणे, हायब्रिड

सुरुवात मापापासून करा. हायब्रिडचं (रोड बाइक आणि एमटीबी यांच्या मधली) हँडल ६० ते ६८ सेंमी, एमटीबीचं (माउंटन बाइक) ७० च्या पुढे, रोड बाइकचं ४० ते ४४. पेठेतल्या जुन्या दुकानात काउंटर आणि मांडणीमधली वाट जेमतेम दोन-अडीच फूट असते. म्हणजे हँडल सरळ ठेवून ढकलत नेलं की शांपूच्या पुड्यांच्या माळा ब्रेकच्या लिव्हरमध्ये अडकणारच.

उपाय सोपा आहे: सायकल मागच्या चाकावर उभी करा. एक हात सीटवर, दुसरा हँडलवर, मागचा ब्रेक दाबून पुढचं चाक वर घ्या. सायकलची लांबी पावणेदोन मीटर असली तरी उभी केल्यावर जमिनीवर मीटर-सव्वा मीटर जागाच खाते आणि जागच्या जागी वळते. सोसायटीच्या लहान लिफ्टमध्येही हीच पद्धत. फक्त वरच्या पंख्याकडे आणि लोंबणाऱ्या बल्बकडे आधी बघा, कारण उभी सायकल साधारण माणसाहून उंच होते.

काचेचं दार असेल तर पाठीने ढकला आणि सायकल मागून ओढून घ्या. सायकल पुढे घालून दार उघडायला गेलात की दाराची स्प्रिंग ते दार नेमकं मागच्या डिरेलरवर (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) आणून आपटते. डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर थोडा जरी वाकला तरी गिअर उड्या मारायला लागतात. हँडलच्या टोकांची प्लास्टिकची बुचं शाबूत ठेवा. बूच गेलेलं असेल तर उघड्या पाइपची कड काचेला लागते, आणि टफन्ड काच कडेला बसलेल्या लहानशा टोल्यानेही अख्खी चुरा होते.

विचारायचं कुणाला, हेही महत्त्वाचं. दारावरच्या वॉचमनला 'नाही' म्हणायचा हुकूम असतो, 'हो' म्हणायचा अधिकार नसतो. गल्ल्यावरच्या माणसाला विचारा: "काका, सायकल आत घेऊ का? पाचच मिनिटं." सायकल उंबऱ्याबाहेर धरून विचारा, आत शिरल्यावर विचारलं की उत्तर बदलतं.

नाशिक, एमटीबी, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक

डिस्क ब्रेकवाल्यांसाठी किराणा दुकानात सगळ्यात मोठा धोका चोराचा नाही, तेलाचा आहे. सुट्या तेलाच्या डब्यांजवळची फरशी नेहमी तुळतुळीत असते. त्यावरून टायर गेला की तेल रबरावर येतं, आणि डब्याच्या तोटीला रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) घासला तर थेट ब्रेकवर. रोटरवर तेलाचा पुसट थर आला तरी ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्वच्छ कापडाने पुसा. पॅड (रोटरला दोन्हीकडून दाबणारे ब्रेकचे तुकडे) वरवर माखले असतील तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलकेच घासा. आतपर्यंत मुरलं असेल तर पॅड बदला, त्याला इलाज नाही. गंज सोडवायचा स्प्रे मात्र ब्रेकच्या आसपाससुद्धा नको.

जागा कमी म्हणून पुढचं चाक काढून आत नेत असाल तर चाक काढल्यावर ब्रेकची लिव्हर चुकूनही दाबू नका. पिस्टन (पॅड ढकलणारे दट्टे) बाहेर येतात आणि मग रोटर मधे शिरत नाही. दोन पॅडच्या मधे दुमडलेला पुठ्ठा सारून ठेवा. पिस्टन आलेच बाहेर, तर प्लास्टिकच्या टायर लिव्हरने सावकाश मागे रेटा. स्क्रू ड्रायव्हरने पॅड चिरतो.

उभी सायकल चालते. सीट-हँडलवर उलटी करून ठेवू नका, कारण लिव्हरच्या ब्रेक-तेलाच्या टाकीत थोडी जरी हवा असली तरी ती नळीत चढते. झालंच तसं, तर सरळ करून लिव्हर पाच-दहा वेळा दाबा आणि कडक लागल्याशिवाय रस्त्यावर येऊ नका. घाट उतरून लगेच चहाच्या दुकानात शिरलात तर रोटर तापलेला असतो. लहान मुलं चकचकीत वस्तूला हात लावतात. ती बाजू भिंतीकडे करा.

सातारा, रोड बाइक

कापडदुकानासाठी तीन गोष्टी. चेन सायकलच्या उजव्या बाजूला असते, म्हणून ती बाजू भिंतीकडे करून सायकल टेकवा. एरवी आपण उलट करतो, डिरेलर दाबला जाऊ नये म्हणून. पण साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये काळं ग्रीस आपल्यापेक्षा दुकानदाराला महाग पडतं. डिरेलर वाचवायला दुकानाआधीच मागचा गिअर सगळ्यात मोठ्या दातेरीवर आणा, म्हणजे डिरेलर स्पोककडे आत सरकतो. त्याच वेळी पुढेही मोठी दातेरी ठेवू नका, चेन ताणली जाते.

दुसरी गोष्ट चेनच्या तेलाची. पावसाळी घट्ट तेल धूळ धरतं आणि काळं होतं. कोरड्या दिवसांत मेणाचं वंगण वापरा, लागलं तरी डाग पुसट पडतो. कुठलंही वापरलं तरी घातल्यावर बाहेरून पुसून काढा, वंगण रोलरच्या आत हवं.

तिसरी, क्लीटचे बूट (तळाला पायडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले). गुळगुळीत फरशीवर क्लीट आणि हातात सायकल म्हणजे पडायचीच तयारी. रबरी क्लीट कव्हर जर्सीच्या खिशात मावतात, दारातच चढवा.

रत्नागिरी, साधी सिंगल स्पीड

पावसाळ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दारातल्या गोणपाटावर सायकल दोनदा पुढे-मागे केली की चाक पुसलं, असा सगळ्यांचा समज असतो. ते पुसलं जात नाही. चाकाचा घेर दोन मीटरच्या वर (७०० × ३५ टायरचा जवळपास २.१७ मीटर) आणि गोणपाट दोन फुटांचं. पुढे-मागे करून टायरचा तोच दोन फुटांचा पट्टा पुन्हा पुन्हा पुसला जातो, बाकीचा चिखल दुकानात येतो. बरोबर पद्धत अशी: चाक गोणपाटावरून पुढे न्या, उचला, सायकल मागे आणून न फिरलेला भाग टेकवा, पुन्हा पुढे न्या. चार वेळा केलं की एक फेरा पूर्ण होतो. मग दुसरं चाक.

त्याआधी बाहेर पायरीवर दोन्ही चाकं दोनदा आपटून घ्या. मडगार्डच्या आत अडकलेलं पाणी तिथेच पडतं. मडगार्डच्या खालच्या टोकाला मात्र शेवटपर्यंत थेंब राहतो. जुन्या कापडाचा तुकडा कॅरिअरला बांधलेला असू द्या आणि ते टोक पुसा. ओली सायकल रद्दी, वह्या-पुस्तकं आणि पिठाच्या गोण्यांजवळ लावू नका. औषधाच्या दुकानात तर आत जागाच नसते. तिथे सायकल ओट्याला लावून एका हाताने धरूनच चिठ्ठी पुढे करायची.

मुंबई, २० इंची फोल्डिंग

घडी होते म्हणून प्रश्न सुटतो असं नाही. मधल्या बिजागरीच्या २० इंची सायकलची घडी ८० × ७० × ४० सेंमीच्या घरात जाते आणि वजन १२ ते १५ किलो राहतं. पिशवी भरत भरत ती हातात घेऊन फिरता येत नाही. त्यामुळे मोठ्या दुकानात पूर्ण घडी न करता फक्त हँडलचा दांडा खाली पाडा आणि डावं पायडल दुमडा. रुंदी फूट-सव्वा फुटावर येते आणि सीट धरून सायकल ढकलता येते.

बऱ्याच मॉडेलमध्ये घडीनंतरही चेन बाहेरच्या बाजूला राहते. घडी आत नेताना त्या बाजूवर जुनी उशीची खोळ चढवा. उघडताना घाई नको: बिजागरीच्या दोन पाट्यांमध्ये ब्रेकची केबल चिमटत नाही ना ते बघा, खटका पूर्ण बसवा, त्यावरची सुरक्षा कडी लावा. खटका अर्धवट बसला तर सायकल सरळ दिसते, पण पहिल्या खड्ड्यात उघडू शकते.

लंडन, ब्रॉम्प्टन कंपनीची फोल्डिंग

वरच्या प्रतिसादात भर. ब्रॉम्प्टनची घडी साधारण ६५ × ५८ × २७ सेंमी आणि चेन दोन चाकांच्या मधे झाकली जाते, हाच तिचा खरा फायदा. सीटचा दांडा पूर्ण खाली गेला की घडीला कुलूप बसतं, म्हणून सीट अर्धवट ठेवून उचलू नका, मागचं चाक लोंबतं. कॅरिअरवाल्या मॉडेलला छोटी चाकं असतात. सपाट फरशीवर हँडल उभं ठेवून ती ढकलत नेता येते. खडबडीत दगडी रस्त्यावर त्या चाकांचा काही उपयोग नाही. इथे बहुतेक ठिकाणी घडी केलेल्या सायकलला कुणी हरकत घेत नाही, पण ट्रॉलीत टाकायची तर आधी विचारावं. टायरची घाण दुसऱ्याच्या भाजीला लागते.

पुणे, किराणा दुकान

दुकानदाराच्या बाजूनेही ऐका. आम्हाला सायकल नको असते असं नाही, वाट अडायला नको असते. सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ या वेळात आत सायकल आणू नका. टेम्पो उभा असेल तर तर नाहीच. साखरेची ५० किलोची गोणी पाठीवर घेतलेल्या हमालाला खाली बघता येत नाही.

गोण्यांना सायकल टेकवू नका, पायडलच्या दात्यांनी गोणी फाटते. शोकेसला तर अजिबात नाही. ती साधी काच असते, तिचे सुरे होतात. काट्याच्या टेबलाला टेकवली की वजन हलतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला आमचा संशय येतो. फ्रीजच्या मागे वायर असते, तिथेही नको. शटरच्या आतला कोपरा सगळ्यात चांगला. मागचं चाक आणि सीट भिंतीला टेकवा. नुसतं हँडल टेकवलं की पुढचं चाक वळतं आणि सायकल घसरते.

ज्या दुकानदारांना सोय करायची आहे त्यांच्यासाठी: भिंतीत रबर चढवलेला हूक, १० मिमीच्या फास्टनरने, जमिनीपासून १९० सेंमीवर. चाक अडकवून सायकल उभी टांगली की भिंतीपासून सव्वा मीटरपेक्षा कमी जागा जाते. भिंत पोकळ विटांची असेल तर नुसता फास्टनर सुटतो, तिथे आडवी लोखंडी पट्टी मारून तिच्यावर हूक घ्या. बाहेर जागा असेल तर ४०-५० मिमी पाइपची उलट्या यू-ची कमान, ७५ सेंमी उंच, फरशीत पक्की काँक्रीट केलेली. एका कमानीला दोन सायकली लागतात. नुसतं चाक अडकवायचे स्टँड आणू नका. सायकल कलली की रिम वाकते, डिस्कवाल्यांचा रोटरही.

नागपूर, टूरिंग सायकल

माझं मत वेगळं आहे. सामान लादलेली सायकल २५ किलोच्या पुढे जाते, ती तीन पायऱ्या चढवून आत नेण्यात अर्थ नाही. कुलूप नीट लावा. चांगल्या पोलादाचा यू-लॉक, मागचं चाक आणि फ्रेम एकत्र धरून, खांबाला. यू-च्या आत जितकी कमी मोकळी जागा तितकं बरं, पहार घालायला वाव राहत नाही. कुलूप जमिनीला टेकू देऊ नका, नाहीतर दगडावर ठेवून हातोडा घालता येतो. किल्लीचं भोक खाली ठेवा, पाणी-धूळ जात नाही. केबल फक्त पुढच्या चाकासाठी. एकटी केबल साध्या कटरला फार वेळ दाद देत नाही.

क्विक रिलीज काढून अॅलन कीचे स्क्यूअर (चाक फ्रेमला आवळून धरणारी सळई) बसवा: पुढचा हब (चाकाचा मधला भाग) १०० मिमी, मागचा १३० किंवा १३५, मोजून घ्या. आणि कशाला बांधताय ते हलवून बघा. 'नो पार्किंग'चा पाइप पुष्कळदा नुसता मातीत खोचलेला असतो.

उट्रेख्त, नेदरलँड्स

इथे सायकल दुकानात नेण्याची पद्धतच नाही, कारण बाहेर लावायची सोय आहे. उट्रेख्त स्टेशनखालच्या तळात १२,५०० सायकलींची जागा आहे आणि पहिले २४ तास फुकट. चाकाचं कडी-कुलूप आणि शिवाय जाड साखळी, अशी दोन कुलपं बरेच जण लावतात. म्हणून दुकानदारांकडे बाहेरच्या कमानीसाठी आग्रह धरा, असं मी म्हणेन.

ठाणे, हायब्रिड

सायकल आत तर नेली, पण दोन्ही हात मोकळे हवेत ना? पंक्चर काढणाऱ्याकडून जुनी ट्यूब मागून घ्या, तिची दोन सेंमी रुंद रिंग कापा. पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबून हँडलसकट तिच्यावर ती रिंग चढवा. सायकल हँडब्रेक लावल्यासारखी जागच्या जागी राहते, भिंतीला टेकवली तरी घरंगळत नाही. हायड्रॉलिक ब्रेकला तास-तासभर अशी ठेवू नका, खरेदीपुरती चालते. निघताना रिंग हँडलच्या ग्रिपवर सरकवून ठेवा, हरवत नाही.

पिशव्या आतच हँडलला अडकवू नका. एका बाजूला पाच किलो आलं की पुढचं चाक तिकडे वळतं आणि सायकल मांडणीवर आडवी होते. आधी सायकल बाहेर काढा, मग पिशव्या आणायला परत आत जा. तेवढ्या वेळापुरतं मागचं चाक फ्रेमला छोट्या केबलने बांधून सायकल दारासमोरच, आपल्या नजरेत ठेवा. जड सामान कॅरिअरवर, अंडी आणि पाव पाठीवरच्या पिशवीत. पिशवीचा बंद लांब असेल तर गाठ मारून आखूड करा, लोंबता बंद पुढच्या चाकाच्या स्पोकमध्ये जातो.