हरायला लागलं की मुलगी नेट बंद करते. कसं समजवावं?

मिरजेचा_हत्ती

नमस्कार मंडळी. मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. मुलगी बारा वर्षांची, सातवीत. दोन वर्षांपासून मोबाइलवर बुद्धिबळ खेळते आणि जीव ओतून खेळते. मी रात्री साडेनऊला दुकान बंद करून घरी येतो. जेवणाआधी तिचा एक डाव शेजारी बसून बघायचा, हे आमचं ठरलेलं.

गेल्या महिन्यात तिला साइटवरून संदेश आला: वारंवार डाव अर्धवट सोडल्यामुळे काही वेळ नवा डाव मिळणार नाही. मला वाटलं, आमच्या नेटचाच घोळ असणार. मी केबलवाल्याशी भांडूनही आलो. मग एका रात्री तिच्या मागे उभा होतो. तिचा घोडा फुकट गेला, पुढे चार चालींत हत्तीही अडकला. तिनं स्क्रीनवर बोट वरून खाली ओढलं आणि डेटा बंद केला. इतकं सहज, की काय झालं ते मला क्षणभर कळलंच नाही.

विचारलं तर म्हणाली, "बाबा, सगळेच करतात. माझ्याशीपण करतात."

ते खोटं नाही, हेच मला खातंय. जूनमधला एक डाव माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. १० मिनिटांचा, प्रत्येक चालीला ५ सेकंद. दोघांकडे एकेक हत्ती, आणि हिचं प्यादं सातव्या घरात पोचलेलं. समोरच्याकडे आठ मिनिटं शिल्लक होती. तो थांबला. चाल नाही, डाव सोडणं नाही, काही नाही. आई जेवायला हाका मारतेय आणि ही पाणी प्यायलाही उठेना, कारण आपण उठलो की तो चाल करेल आणि आपलं घड्याळ पळेल. अकरा सेकंद उरल्यावर त्यानं चाल केलीच. ही जागेवर होती, वजीर केला, मात दिली. पण जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर नव्हता. नुसती दमली होती. दुसरा एक जण तर गायब व्हायचा, विजयाचा दावा करायची वेळ जवळ आली की परत यायचा, पुन्हा गायब. असं पाच वेळा. आज ती जे करते ते असल्या लोकांकडून शिकली आहे.

मी तिच्या वयाचा असताना वडील मला सिटी बसनं सांगलीला स्पर्धांना न्यायचे. नूतन बुद्धिबळ मंडळामुळे सांगलीत बुद्धिबळाचं वातावरणच तसं होतं. एकदा साठीच्या एका गृहस्थांकडून मी वाईट हरलो आणि माझे डोळे भरून आले. त्यांनी हात मिळवला, सोंगट्या पुन्हा लावल्या आणि मी कुठल्या चालीला चुकलो ते शांतपणे दाखवलं. मला त्यांचं नावही माहीत नाही, पण त्यांचा तो हात आठवतो. गल्लीत कुणी हरताना पट उधळला तर आम्ही "रडीचा डाव खडी" ओरडायचो आणि त्या पोराला दोन दिवस कुणी खेळायला घ्यायचं नाही. माझ्या मुलीच्या समोर कुणी बसलेलंच नसतं. लाज वाटायची तर कोणापुढे?

दोन प्रश्न आहेत. नेट खरंच गेलं की मुद्दाम घालवलं, हे त्या यंत्रणेला कळतं का? आणि फोन न हिसकावता हे तिचं तिनं सोडावं, यासाठी काय करू?

सर्व्हरवाला_पुणे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. माझं रोजचं कामच सर्व्हरचं आहे.

एका डावापुरतं विचाराल तर नाही, कळत नाही. तुमचा फोन आणि सर्व्हर यांच्यात एक जोडणी सतत उघडी असते आणि त्यावरून थोड्या थोड्या वेळानं "आहेस का?", "आहे" अशी देवाणघेवाण चालू असते. पान नीट बंद केलं तर जाताना निरोप जातो. डेटा बंद केला, वीज गेली किंवा गाडी बोगद्यात शिरली, तर निरोप वगैरे काही नाही, फक्त "आहे" यायचं थांबतं. सर्व्हरला तिन्ही सारखेच. फोनवर दुसरं ॲप उघडलं, तरी काही वेळा फोन ही जोडणी झोपवून टाकतो.

पण शंभर डावांत कळतं. वीज काही पटावरची स्थिती बघून जात नाही. ज्याचं नेट हरतानाच जातं आणि जिंकताना कधीच जात नाही, त्याचा हिशोब आकड्यांत उघडा पडतो. तुमच्या मुलीला तो संदेश आला तो बहुधा असाच, एका रात्रीवरून नव्हे. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर समोरचा निघून गेला तर थोडं थांबून विजय मागता येतो किंवा बरोबरी जाहीर करता येते. म्हणजे नेट बंद करून डाव वाचत नाहीच, फक्त समोरच्याची काही मिनिटं वाया जातात.

तिला हे जरूर सांगा, पण पकडली जाशील अशी भीती घालू नका. भीतीनं मुलं फक्त जास्त हुशारीनं करायला शिकतात.

वाडीतलं_प्यादं

मी सावंतवाडीजवळच्या गावात राहतो. माझी बाजूही ऐका.

आमच्याकडे जुलैत एक फांदी तारेवर पडली की वीज जाते. मग टॉवरची बॅटरी संपते आणि फोनवरच्या रेघाही जातात. मागच्या पावसाळ्यात मी एक उंट आणि दोन प्यादी वर असताना डाव गमावला. तासाभरानं रेंज आली तेव्हा समोरच्याचा संदेश होता, तो इथे लिहिण्यासारखा नाही. मी जिंकत होतो हो! पळून कशाला जाईन? पण त्याच्याशी याआधी इतके जण तसं वागले असतील की त्याला माझ्यावर विश्वास ठेवायला जागाच उरली नव्हती.

मुलीला एवढं सांगा की ती डेटा बंद करते तेव्हा माझ्यासारख्याचं खरं कारणही खोटं ठरतं. मी आता पावसाळ्यात घड्याळाचे डाव खेळतच नाही. एका चालीला तीन दिवस मिळतात तसले डाव खेळतो. सकाळी गाईचं दूध काढून झालं की एक चाल, मग दिवसभर डोक्यात तीच घोळते. बरं वाटतं.

घोडा_अडीच_घरं

मी नागपुरात मुलांना शिकवते आणि स्थानिक स्पर्धांत पंच म्हणूनही काम करते.

आधी नियमाचं. एका चालीला जास्तीत जास्त किती वेळ घ्यावा यावर फिडेच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या, नियमांत बंधन नाही. घड्याळ ज्याचं, वेळ त्याची. पण ११.५ कलम सांगतं की प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही प्रकारे विचलित करायचं नाही की त्रास द्यायचा नाही. समोरासमोर बसून आठ मिनिटं छळायचं म्हटलं तर छळणाऱ्यालाही तिथेच, समोरच्याच्या नजरेखाली बसावं लागतं. म्हणून पटावर असं फार कमी होतं. घरी तो आठ मिनिटं लावून टीव्ही बघत असतो.

तिला २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडची गोष्ट सांगा. विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता, आपल्या नाशिकचा. अंतिम लढत रशियाशी, ३० ऑगस्टला. पहिली फेरी ३-३. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि आमच्या नागपूरची दिव्या देशमुख, तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची, या दोघांचा संपर्क तुटला आणि वेळ संपून डाव गेले. त्या दिवशी जगभर इंटरनेटचा मोठा बिघाड झाला होता. भारतानं दाद मागितली आणि फिडेच्या अध्यक्षांनी सुवर्णपदक दोन्ही संघांना दिलं. मात्र पुढचंही सांगा. त्याआधी उपांत्यपूर्व लढतीत भारताविरुद्ध आर्मेनियाच्या खेळाडूचा डाव असाच संपर्क तुटून गेला होता. त्यांची दाद फेटाळली गेली आणि ते लढत सोडून निघून गेले. मी माझ्या मुलांना दोन्ही बाजू सांगते. आपलं नेट गेलं की अन्याय आणि दुसऱ्याचं गेलं की नियम, असं होऊ नये.

आणि कार्लसन, तेव्हाचा जगज्जेता. त्याच वर्षी चेसेबल मास्टर्स या ऑनलाइन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत त्याच्याशी खेळताना चीनच्या डिंग लिरेनचं नेट तुटलं आणि त्याचा डाव गेला. कार्लसनला तसला गुण नको होता. पुढच्या डावात त्यानं पहिल्या काही चालींतच वजीर देऊन टाकला आणि डाव सोडला. माझ्या वर्गात हे सांगितलं की मुलं आधी गप्प होतात, मग एकदम बोलायला लागतात.

आता उपाय. हार मानून, बटण दाबून डाव सोडायला तिला मुळीच मनाई करू नका. डाव सोडणं हा तिचा हक्क आहे आणि नीट सोडणं ही एक कला आहे. फक्त एक अट घाला: सोडण्याआधी समोरचा आता कसा जिंकणार ते तिनं तोंडानं सांगायचं. "तो हत्ती सातव्या रांगेत आणेल, मग माझं प्यादं जाईल." हे सांगता आलं तर खुशाल बटण दाबू दे. नाही आलं तर डाव अजून संपलेला नाही, खेळ म्हणा. मुलं रागात असतात तेव्हा समोरच्याच्या चाली त्यांना दिसतच नाहीत. ती योजना बोलून दाखवताना नजर पटावर परत येते. आणि आठवड्यातून एकदा तरी लाकडी पटावर, खऱ्या माणसाशी खेळू दे. घरी तुम्ही आहातच की.

मिरजेचा_हत्ती

तीन आठवड्यांनी लिहितोय. सर्वांचे आभार.

वाडीतल्या दादांचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. उंट वर असताना वीज गेली हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तो जिंकत होता?" मग बराच वेळ काही बोलली नाही. सर्व्हरवाल्यांचं "वीज पटावरची स्थिती बघून जात नाही" हे तिनं वहीत लिहून ठेवलंय.

ताई, तुमची अट सुरू केली. पहिल्या आठवड्यात एकदा तिनं पुन्हा डेटा बंद केला आणि स्वतःच येऊन सांगितलं. मी रागावलो नाही, पण मला वाईट वाटलं, आणि ते तिला सांगितलं. परवा ती हत्तीनं मागे होती. समोरचा कसा जिंकणार ते मला सांगायला लागली आणि सांगता सांगता थांबली. "नाही बाबा, इथे माझा घोडा शह देतो." खेळली. हरलीच, पण अठरा चाली आणखी खेळून. नंतर डाव पुन्हा पहिल्यापासून लावून बघितला.

रविवारी माळ्यावरून वडिलांचा लाकडी पट काढला. पांढरा एक उंट सापडत नाहीये. त्याच्या जागी सिरपच्या बाटलीचं बूच ठेवलंय. ती पांढऱ्यांनीच खेळते म्हणते, बूच तिचं.

वाडीतले दादा, तुम्हाला तीन दिवसांच्या चालीच्या डावाचं आमंत्रण पाठवलंय. पांढरी तुमची. आम्ही दोघं मिळून काळ्यांनी खेळू, चालेल ना? वीज आली की पहिली चाल करा, घाई नाही.